वेताचे दिवस

देवगडालगतच्या जामसंड्याच्या जांभ्या कातळावर मागच्या पिढ्यांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, बाहेरून माती वाहून आणली आणि त्या उसन्या मातीत हापूसची कलमे जगवली. त्या कलमांसाठी उन्हाळ्याच्या अखेरीस घाटावरून येणाऱ्या मालमोटारींतून लेंडीखताच्या गोणी उतरतात. परंतु ज्या मेंढीच्या पोटातून ते खत आले, ती मेंढी या गावाने आपल्या दारात क्वचितच पाहिलेली असते. फोंडाघाट किंवा करूळचा घाट चढून, राधानगरी-गगनबावड्याकडील ओले अरण्य मागे टाकून, पंचगंगेच्या खोऱ्यातून पूर्वेकडे सरकत गेले म्हणजे पाऊस टप्प्याटप्प्याने विरळ होत जातो आणि जत, आटपाडी, सांगोला, माण, खटाव, फलटण या तालुक्यांत तो वर्षाला पाचशे मिलिमीटरांच्या आगेमागे येऊन ठेपतो. दख्खनी मेंढीचा मुलूख तो. सिंधुदुर्गात पाऊस त्याच्या सहापट. येथे मेंढीचे खूर चिखलात कुजतात, भिजलेली लोकर अंगावर वाळत नाही, डबक्याकाठच्या गवतातून यकृतात घर करणारे चपटे कृमी पोटात जातात, आणि चार महिन्यांच्या ओलीनंतर कळपात जे उरेल त्याला कळप म्हणणे कठीण. म्हणून किनाऱ्यावरच्या लहान कुटुंबाने फार पूर्वीच मेंढीऐवजी शेळी पत्करली. सह्याद्रीच्या अलीकडे गोठ्यातली चार शेरडे आणि पलीकडे माळावरचा शेदीडशे मेंढरांचा वाडा, अशी ही वाटणी कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. ती पावसाने केलेली आहे.

या दोन्ही संसारांत एक काळ मात्र समान आहे, आणि तो आपल्या दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. ज्येष्ठ-आषाढात पहिल्या पावसाने माळ हिरवा झाला, कोवळ्या गवताने मेंढीच्या अंगावर मांस चढले, की ती माजावर येते. तिच्या गाभणपणाचा काळ पाच महिन्यांना दोन-चार दिवस कमी, साधारण १४७ दिवसांचा. तेव्हा आषाढात फळलेली मेंढी कार्तिक-मार्गशीर्षात विते. माळावर पीक काढून झालेली रिकामी राने, धाटे, शेंगांचा पाला आणि अजून न सुकलेले गवत असण्याचे दिवस हेच. निसर्गाने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने हा मेळ असा जुळवला आहे, की दूध देणाऱ्या आईला चारा हवा तेव्हाच तो रानात असतो. कळपाचे दुसरे वेत पुष्कळदा उन्हाळ्याच्या तोंडाशी येते. त्यातली कोकरे जन्मतात तीच कडक उन्हात आणि आटत चाललेल्या दुधावर, आणि त्यांचे हाल मेंढपाळाच्या घरात कोणाला सांगावे लागत नाहीत.

गर्भाची वाढ पाच महिने सारख्या गतीने होत नाही. शेवटच्या दीड महिन्यात, म्हणजे सामान्यतः भाद्रपदाच्या अखेरीपासून पुढे, कोकराच्या वजनाचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग घडतो. त्याच काळात कास भरू लागते आणि त्याच काळात पोटातल्या गर्भाने जागा व्यापल्यामुळे मेंढीला एका वेळी फार खाता येत नाही. ज्या घरात या सहा आठवड्यांत गाभण मेंढीला मूठभर मका, भरडा किंवा शेंगदाण्याची पेंड वेगळी मिळते, त्या घरातली कोकरे जन्मतःच उभी राहतात. जेथे ती इतरांबरोबर दिवसभर कोसभर चालवली जाते, तेथे दीड-पावणेदोन किलोचे, थंडीने कुडकुडणारे पिल्लू हाती येते. दख्खनी कोकराचे चांगले जन्मवजन अडीच ते तीन किलो. या एका किलोच्या अंतरात वर्षभराचे उत्पन्न अडकलेले असते, आणि ते अंतर कोकरू जन्मण्याच्या आधी ठरून गेलेले असते. मेंढपाळीवरच्या चर्चेत जातिवंत नर, लसी, अनुदाने यांविषयी पुष्कळ बोलले जाते. गाभण मेंढीपुढच्या या मूठभर खुराकाविषयी फारच थोडे बोलले जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

दसरा उलटला की वाड्यावरची माणसे मार्गस्थ होण्याच्या तयारीला लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात पट्टण कोडोली येथे आश्विनात विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र-कर्नाटकातून जमलेला धनगर समाज देवावर भंडारा आणि खोबरे यांच्याबरोबर लोकरही उधळतो, आणि यात्रेतले मानकरी फरांडेबाबा यांची भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाचे पाऊसपाणी आणि पीकपाणी यांविषयीचे भाकीत, हजारो माणसे कान देऊन ऐकतात. ज्यांना पुढले सात-आठ महिने उघड्या आभाळाखाली काढायचे आहेत, त्यांना पावसाचा शब्द देवाच्या दारात ऐकावासा वाटावा, हे अगदी स्वाभाविक आहे. मग दिवाळीचा पाडवा येतो. कोल्हापूर-सांगलीकडील धनगर वस्त्यांवर त्या दिवशी मेंढरे रंगवून, सजवून, वाद्यांच्या गजरात पळवतात; मेंढरांना तिकडे सर्रास बकरी म्हणतात, म्हणून या विधीला ‘बकरी बुजवणे’ असे नाव. लेंड्यांची रास रचून तिची पूजा होते. आपण वसुबारसेला गाय आणि वासरू पुजतो. त्यांचे गोधन ते हे, आणि त्यात लेंडीलाही लक्ष्मीचा मान आहे, कारण वर्षातले कित्येक दिवस त्यांच्या घरची चूल लेंडीवरच पेटते.

चूल लेंडीवर पेटते ती अशी. देशावरचा शेतकरी पीक निघाल्यावर वाड्याला आपल्या रानात रात्री मुक्कामाला बोलावतो. मेंढ्या शेतात बसवायच्या, आणि त्या रात्रीच्या लेंडी-मुताचा मोबदला धान्याने किंवा रोख द्यायचा, ही वहिवाट फार जुनी. वाघर, म्हणजे दोरखंडाची जाळी, खुंट्यांवर ताणून तिच्या आत मेंढरे कोंडली जातात. दुसऱ्या दिवशी वाघर शेताच्या पुढच्या तुकड्यावर सरकते. वाड्याचा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो: अंथरुणे, भांडी, कोंबड्या, आणि वेताच्या दिवसांत ज्यांना चालता येत नाही अशी एक-दोन दिवसांची कोकरे. पुरुष मेंढरांमागे पुढे जातात. घोडी लादणे, नव्या मुक्कामाची जागा साफ करणे, चूल मांडणे, पाणी शोधणे आणि कोकरांची राखण करणे ही कामे बायकांकडे असतात. वेत कोणाला सवड विचारून येत नाही. पहाटे वाडा हलायचा असतो आणि त्याच पहाटे कोपऱ्यात एक मेंढी कळपापासून अंग काढून उभी असते.

तिची लक्षणे अनुभवी डोळ्यांना आदल्या संध्याकाळीच दिसतात. कास ताणलेली आणि तकतकीत, पाठीचा मागचा भाग खचलेला, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे; ती चरत नाही, पुढच्या पायाने जमीन उकरते, बसते, पुन्हा उठते, आपल्याच मागे वळून पाहते आणि दुसऱ्या मेंढीचे नुकते जन्मलेले पिल्लू जवळ असेल तर ते आपलेच समजून चाटू लागते. कळा सुरू झाल्यावर प्रथम पाण्याची पिशवी दिसते, मग दोन पुढचे खूर आणि त्यांच्यावर टेकलेले नाक. या रचनेत कोकरू आले तर माणसाने हात न लावणे हीच सर्वांत मोठी मदत. एकच खूर दिसला आणि दुसरा पाय मागे मुडपलेला असला, किंवा मान वळलेली असली, तर मात्र तास-अर्धा तास नुसते पाहत राहणे म्हणजे दोन जीव घालवणे होय. हात स्वच्छ धुऊन, तेल लावून, कळांच्या मधल्या विसाव्यात कोकरू हलकेच मागे सारायचे, अडकलेला पाय मुठीत झाकून पुढे घ्यायचा आणि पुढच्या कळेबरोबर खालच्या बाजूला ओढायचे. कळेविरुद्ध ओढले तर आतून फाटते. हे शिक्षण कोणत्याही शाळेत दिले जात नाही. लहान हाताची बाई या कामाला अधिक उपयोगी, म्हणून वाड्यावर ते बहुधा बायकांच्या वाट्याला येते, आणि सासूच्या हाताखाली सून दिवा धरता धरता ते शिकते.

कोकरू बाहेर पडले की नाकातोंडातला चिकटा पुसून काढायचा. श्वास लागत नसेल तर मागच्या पायांना धरून उलटे झुलवायचे, नाकपुडीत गवताची काडी फिरवून शिंक आणवायची. त्यानंतर त्याला स्वच्छ पुसून टाकण्याचा मोह आवरायचा, कारण अंगावरचा तो ओलावा आईचा आहे. मेंढी तो चाटते आणि त्या चाटण्यातून, पहिल्या तास-दोन तासांत, आपल्या पिल्लाचा वास कायमचा आपल्याजवळ ठेवते. शेकडो मेंढरांच्या कळपात संध्याकाळी एकाच कल्लोळात आई आणि कोकरू एकमेकांना अचूक शोधतात, त्या चमत्काराचा पाया या दोन तासांत घातलेला असतो. त्या वेळी कोकरू दूर नेले, किंवा गडबडीत दोन मेंढ्यांची पिल्ले एकमेकांत मिसळली, तर आई पुढे त्याला शिंगावर घेते.

आणि याच दोन तासांत चिकाचा प्रश्न सुटायचा असतो. मानवी अर्भकाला आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये जन्मापूर्वीच वारेतून मिळतात. मेंढी, शेळी, गाय यांच्या वारेची घडण निराळी असल्यामुळे त्यांच्या पिल्लाला ती मिळत नाहीत आणि ते जन्मते ते रोगांपुढे संपूर्णपणे निःशस्त्र. ती सारी द्रव्ये चिकात असतात. पिल्लाच्या आतड्याची भिंत त्यांना जशीच्या तशी रक्तात शिरू देते, पण हे दार घटकाघटकाने लोटले जाते आणि सुमारे चोवीस तासांत बंद होते. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दोन तासांत दीडशे मिलिलिटर आणि पहिल्या दिवसभरात एकूण तीनशेच्या आसपास चीक पोटात जावा, असा हिशेब पशुवैद्यक सांगतात. सडाच्या टोकाशी मेणासारखा खडा बसलेला असतो. पहिली धार बोटांनी काढून तो मोकळा केला नाही तर अशक्त कोकरू ओढून ओढून थकते आणि आईच्या कासेखालीच उपाशी मरते. कासेवरची लोकर आधीच कातरून ठेवणे, तोंड सडाला लावून देणे, शेपटी हलू लागली म्हणजे घोट पोटात चालला आहे हे ओळखणे, या बारीकसारीक कामांनी जेवढी कोकरे वाचतात तेवढी कोणत्याही महागड्या औषधाने वाचत नाहीत. लस देखील याच मार्गाने काम करते: आंत्रविषाराची लस गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी टोचली, तर तिचे संरक्षण चिकातून कोकराला मिळते. मेंढीला टोचले आणि चीक वेळेवर पाजला नाही, तर लसीचा तो भाग वाया गेला.

वार पडेपर्यंत चीक पाजू नये, अशी एक समजूत आपल्याकडे गाईम्हशींच्या गोठ्यांपासून शेळीमेंढीपर्यंत पसरलेली आहे. वार पडायला कित्येक तास लागू शकतात. तेवढ्यात पिल्लाच्या आतड्याचे दार निम्मेअधिक मिटलेले असते. परंपरेविषयी मला मनापासून आदर आहे, परंतु या एका समजुतीमुळे किती पिल्ले गेली असतील याचा विचार मनात आला की आदर बाजूला ठेवावासा वाटतो. आपण कोकणी माणसे खरवसाचे भोक्ते. गाय व्याली की पहिल्या दिवसाचा चीक शेजारीपाजारी वाटण्याची आपली रीत प्रेमाची आहे, पण वासराचे पोट भरल्यानंतरच तो वाटला जावा.

प्रत्येक वेताच्या मोसमात काही कोकरे पोरकी होतात आणि काही मेंढ्यांची कोकरे दगावतात. या दोहोंची गाठ घालून देणे ही मेंढपाळीतील सर्वांत नाजूक कला. जगभरचे मेंढपाळ मेलेल्या कोकराचे कातडे काढून पोरक्या कोकराच्या अंगावर काही दिवस चढवतात, म्हणजे आई वासाला भुलते. कोठे कोकराच्या पाठीवर मीठ शिंपडतात, म्हणजे मेंढी ते चाटू लागते आणि चाटता चाटता त्याची होते. आणि काहीच साधले नाही तर मेंढीला मानेशी धरून दिवसातून चार-पाच वेळा पाजवून घेतात, जोवर ती आपणहून उभी राहत नाही. आपल्या वाड्यांवर आणखी एक सोय असते. मेंढरांच्या खांडात चार-सहा शेळ्या मुद्दाम राखलेल्या असतात. माणसांच्या चहादुधाची गरज त्या भागवतातच, पण पोरक्या कोकराला आणि जुळ्यांतल्या दुबळ्या भावंडाला दूध त्यांचेच मिळते. शेळी ही स्वभावाने मोकळी, परक्या पिल्लाविषयी तिचा राग लवकर शमतो.

दिवसा कळप चरायला गेला की कोकरे वाघरीत मागे राहतात, आणि त्यांच्यावर लांडग्याचा डोळा असतो. दख्खनच्या माळावरचा लांडगा आणि मेंढपाळ यांचे वैर पुरातन आहे. तरीही माळ नांगरला जाऊन, त्यावर प्लॉट पडून, कालवा येऊन जेथे ऊस उभा राहिला तेथून लांडगा आणि मेंढी ही दोघेही एकाच वेळी हद्दपार झाली, हे विसरता येत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातला माणदेश ज्या माळाच्या आधारावर जगत होता तो माळ आज तुकड्यातुकड्यांनी उरला आहे. गायराने अतिक्रमणांनी वेढली, वनखात्याच्या कुरणांवर चराईला बंदी आली, आणि पूर्वी ज्या वाटेने वाडा बिनदिक्कत जाई त्या वाटेवर आता कुंपणे आहेत. गाभण मेंढी कुंपणाला वळसे घालत दुप्पट चालते, आणि शेवटच्या दीड महिन्यातली ती दुप्पट चाल कोकराच्या वजनातून वजा होते.

लोकरीची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती जवळजवळ संपली आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, बहुधा काळी. वर्षाकाठी अर्धा-पाऊण किलो निघते. घोंगडी आणि जेन या लोकरी पांघरुणा-अंथरुणांची मागणी घटल्यापासून कातरणीचा खर्चदेखील तिच्यातून निघणे मुश्कील झाले आहे. मेंढपाळाचे सारे उत्पन्न आता कोकरावर आहे, म्हणजे वेताच्या दिवसांवर आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात मेंढ्या सुमारे २७ लाख आणि शेळ्या सुमारे १ कोटी ६ लाख मोजल्या गेल्या. दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक वेळा एकच कोकरू देते; तेव्हा एक कोकरू दगावले की त्या मेंढीचे ते सारे वेत बुडाले.

या ‘एकच’वर फलटणला जे काम झाले ते महाराष्ट्राच्या पशुविज्ञानातले एक ठळक काम आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. इरावती कर्वे यांचे ते जावई, लेखिका जाई निंबकर यांचे पती. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ जातीची मेंढी अंगाने अगदी लहान, पण एका वेताला दोन-तीन कोकरे देणारी. ती निंबकरांनी फलटणला आणली. पुढे त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ यांच्या सहकार्याने, गरोळमधला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीच्या लोणंद प्रकारात पिढ्यान्‌पिढ्या संकर करून उतरवला गेला; शरीर दख्खनी राहिले आणि वेत जुळ्यांचे झाले. या मेंढीला नारी सुवर्णा असे नाव दिले गेले. या गुणाचा इतिहास विलक्षण आहे. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजांनी काही बंगाली मेंढ्या सिडनीला नेल्या. त्यांचे रक्त ऑस्ट्रेलियातील बुरूला नावाच्या मेरिनो कळपात उतरले आणि विसाव्या शतकात तो कळप बहुप्रसवतेसाठी जगप्रसिद्ध झाला. त्यामागचा फेक-बी हा जनुक २००१ साली ओळखला गेला, आणि तोच गरोळमध्येही आढळला. सुंदरबनाच्या दलदलीतून निघालेला एक गुण दोनशे वर्षांनी माणदेशाच्या कोरड्या माळावर येऊन पोहोचला.

परंतु जुळे हे वरदान तेव्हाच ठरते, जेव्हा आईच्या कासेत दोघांचे दूध असते. फलटणच्या संशोधकांनीही एकीकडे जनुक आणि दुसरीकडे मेंढपाळाच्या दारातला खुराक, लसीकरण, विमा यांचा विचार एकत्र केला, हे त्या कामाचे खरे मोल. गाभणपणाच्या अखेरीस जुळी वाहणाऱ्या मेंढीला अन्न अपुरे पडले, तर तिचे शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, रक्तात विषार साचतो, ती मान टाकते आणि पुष्कळदा तिन्ही जीव एकदम जातात. अन्नाची तजवीज नसलेल्या घरात जुळ्यांचे जनुक नेऊन सोडणे ही मदत नव्हे, असे मला ठामपणे वाटते. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ पासून पंचाहत्तर टक्के अनुदानावर वीस मेंढ्या आणि एक नर देते. १९७८ साली स्थापन झालेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ तिची अंमलबजावणी पाहते. डोकी वाढवण्याची ही योजना चांगलीच आहे. तिच्या जोडीला विणीच्या दोन महिन्यांत वाड्यापर्यंत पोहोचणारा पशुवैद्य आणि गाभण मेंढीपुरता खुराक असावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. आणि प्रशिक्षणाचे बोलावणे घरातल्या पुरुषाच्या नावाने निघते, ते ज्या हातांनी कोकरू ओढले जाते त्या हातांच्या नावाने निघावे.

घाट उतरून पुन्हा जामसंड्याला येऊ. येथेही दिवाळीच्या सुमारास भात कापून खळ्यात आलेले असते, थंडीची पहिली चाहूल लागते, कलमांच्या शेंड्यांकडे घरोघरचे लक्ष लागलेले असते, आणि त्याच थंडीत मोहोराच्या जोडीने शेळीचे वेत येते. सिंधुदुर्गाची स्वतःची शेळी आहे: कोकण कन्याळ. कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या बाजूला ती विशेष आढळते. लांब लोंबते कान, तोंडावर पांढरे पट्टे, पायांची उंची भरपूर, आणि मागच्या पायांवर उभे राहून उंचावरचा पाला ओरबाडण्यात पटाईत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने कुडाळ तालुक्यात निळेली येथील आपल्या प्रक्षेत्रावर या जातीचा अभ्यास आणि जोपासना केली, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. अतिवृष्टीत टिकाव धरणारी आणि जुळी देणारी ही शेळी कोकणच्या लहान कुटुंबासाठीच जणू घडली आहे.

देवगडच्या आंबेमुलखात मात्र शेळीचे आणि बागेचे नाते अवघड आहे. नव्या कलमाचा कोवळा शेंडा शेळीला जेवढा प्रिय तेवढा दुसरा पाला नाही, आणि एका सकाळच्या निष्काळजीपणाने तीन वर्षांचे कलम मोडते. म्हणून बागेभोवती जांभ्या दगडांचा गडगा, आणि गडग्यावरून शेजाऱ्यांत होणारे तंटे. जो शेळी पाळतो तो ती बांधून पाळतो आणि पाला तोडून घालतो: फणसाचा, वडाचा, शिवणीचा. पावसाळ्यात जमिनीची ओल लागू नये म्हणून पोफळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांचा उंच माच बांधतात. लेंड्या फटींतून खाली पडतात, खूर कोरडे राहतात, आणि खाली साचलेले खत मिरगाच्या आधी कलमांच्या आळ्यात जाते. येथे लांडग्याच्या जागी बिबट्या आहे. वेताच्या दिवसांत गोठ्याचे दार रात्री दोनदा तपासले जाते.

येथेही ते दोन तास बाईच्याच हाती. पुरुष बागेत फवारणीच्या पंपामागे असतो किंवा मुंबईला असतो. पडवीत कंदील घेऊन बसलेली सासू सुनेला सांगते, ‘‘आदी तेका चीक पाज, पेजेचां मगे बघूया,’’ आणि करडू सडाला लागल्यावरच व्यालेल्या शेळीपुढे कोमट पेज येते, तीत गूळ, कधी थोडा ओवा. नाळेला हळद लावण्याच्या जुन्या रीतीची जागा आता टिंक्चर आयोडीनने घेतली आहे, आणि हा बदल घरोघर विनातक्रार स्वीकारला गेला, कारण सुजलेल्या नाळेने आणि आखडलेल्या सांध्यांनी मेलेली करडे सर्वांनी पाहिलेली होती. शास्त्राचा उपयोग डोळ्यांना दिसला की परंपरा हट्ट धरत नाही, असाच माझा अनुभव आहे.

करडे तीन महिन्यांची झाली की तोडली जातात. नर शिमग्याच्या किंवा जत्रांच्या सुमारास विकला जातो, त्या पैशांत बागेच्या औषधांचे देणे फिटते किंवा मुलाच्या शाळेचे शुल्क भरले जाते. पाटींपैकी कोणती ठेवायची हा निर्णय मात्र घाईने होत नाही. तिची आई एका वेताला किती व्याली, व्याली त्यांतली किती स्वतःच्या दुधावर वाढवली, परक्या पिल्लाला लाथ मारली की पाजले, आडवे आलेले वेत तिच्या वाट्याला कधी आले होते का, पावसाळ्यात तिची हगवण किती दिवस टिकली, हे सारे घरच्या बाईला चार-चार पिढ्यांपर्यंत तोंडपाठ असते. घाटावरच्या वाड्यावरही निवड याच प्रश्नांवर होते. फलटणच्या प्रक्षेत्रावर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि वही घेऊन जे लिहिले जाते, त्यातले रकाने याहून फारसे वेगळे नाहीत. पशुगणनेचा कर्मचारी दारात येतो तेव्हा तो शेळ्या किती एवढेच विचारतो, आणि ती पदराला हात पुसत आकडा सांगते.